वाक्याची चाल आणि वाचकाचे मन

आरंभी दोन वाक्ये सांगतो. पहिले असे : ‘यंदा टँकर येणार नाही असे तलाठी म्हणाले.’ आणि दुसरे असे : ‘तलाठी म्हणाले की यंदा टँकर येणार नाही.’ शब्द जवळजवळ तेच, बातमी तर एकच. आटपाडीच्या किंवा म्हसवडच्या बाजारात यांपैकी कोणतेही वाक्य कानावर पडले, तरी ऐकणारा घरी जाऊन एकच निरोप सांगेल. पण ऐकता ऐकता त्याच्या मनात जे घडते, ते मात्र दोन्ही वेळी सारखे नसते.

पहिल्या वाक्यात ‘टँकर येणार नाही’ एवढे शब्द ऐकताच आपण ते खरे धरून बसतो. काळजात धस्स होते. घरात किती हंडे भरलेले आहेत याची मोजदाद सुरू होते. आणि मग शेवटी कळते की, अरे, हे तलाठ्यांचे म्हणणे आहे! दुसऱ्या वाक्यात तलाठी आधी समोर येऊन उभे राहतात, त्यामुळे पुढचे सगळे आपण त्यांच्या तोंडचे म्हणून ऐकतो. तलाठी नवे आहेत, त्यांना काय ठाऊक, तालुक्याला जाऊन विचारू, अशी शंका घ्यायला जागा राहते. आपल्या बायाबापड्या तर तिसरीच तऱ्हा वापरतात. ‘टँकर येणार न्हाई म्हणं.’ इथे सांगणारा पार नाहीसा होतो आणि उरते ती गावभर फिरणारी वदंता. एवढ्याशा ‘म्हणे’ने बोलणाऱ्याने आपले अंग काढून घेतलेले असते. खरे निघाले तर सांगितले होते म्हणायला मोकळे, खोटे निघाले तरी मोकळे. व्याकरणाच्या पुस्तकात या शब्दाला जेवढी जागा मिळते, त्याच्या दसपट जागेचा तो मानकरी आहे असे माझे मत आहे.

मौज अशी की, यांतला जो ‘की’चा साचा, त्याचे मूळ पुष्कळ अभ्यासक फारसी भाषेत पाहतात. आपला हा मुलूख बहामनी आणि आदिलशाही अमलाखाली दीर्घकाळ होता. दरबाराची भाषा फारसी. तिच्यातून जमीन, बाजार, दुकान, कागद, शिपाई असे शब्द आपल्या घरात आले आणि घरचेच होऊन बसले. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. शब्द बदलता येतात हो! पण वाक्याचा सांधा बदलणे फार अवघड. फारसीचे क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, आणि तरीही ‘के’ या एका अक्षरावर दार उघडून सबंध दुसरे वाक्य त्याच्या मागे उभे करता येते. ती सोय मराठीत आली म्हणा, किंवा आपल्याकडे होती ती या संगतीने बळावली म्हणा. आज दोन्ही साचे आपल्या हाताशी आहेत. लिहिणारा त्यांतला कोणता उचलतो, यावर वाचणाऱ्याच्या मनात आधी काय येणार आणि मागाहून काय येणार हे ठरते.

शैली म्हणतात ती ही. शाळेत आपण शैली शिकवतो ती बहुधा अलंकारांच्या रूपाने : उपमा कुठे आहे, अनुप्रास कुठे आहे, अधोरेखित करा. अलंकारांविषयी मला आकस नाही. पण शैली म्हणजे वाक्याला घातलेले दागिने, ही समजूत अपुरी आहे. वाचकाने कोणत्या क्रमाने विचार करावा, कुठे थांबावे, कुठे घाई करावी, कुणाच्या बाजूने उभे राहावे, हे सगळे लेखक वाक्याच्या चालीनेच ठरवीत असतो. आणि वाचकाला त्याचा पत्ताही नसतो.

हे घडते कसे? वाचताना डोळा ओळीवरून रुळावरच्या गाडीसारखा सरकत नाही. तो उड्या मारतो, आणि प्रत्येक मुक्कामाला साधारण पाव सेकंद थांबतो. त्या मुक्कामात टिपलेले शब्द मनाला हातात धरून ठेवावे लागतात, ते थेट क्रियापद येईपर्यंत. हातात मावतात किती? मोजक्या तीन-चार गोष्टी. पाणी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावर दोन घागरी, कमरेला एक. चौथी दिली तर पहिली डचमळणार. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून लांब वाक्यात हा भार फार होतो. जुन्या बखरकारांना याची जाण होती. साताऱ्यास छत्रपतींच्या आज्ञेवरून मल्हार रामराव चिटणिसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बखर लिहिली. त्या धाटणीच्या गद्यात ‘जाऊन, भेटून, मसलत करून, फौज घेऊन’ अशी कामांची माळ चालते. वाक्य लांब असते, पण प्रत्येक ‘ऊन’पाशी एक घागर खाली ठेवता येते. म्हणून ते ऐकवते, आणि घोड्यावरून चालल्यासारखे वाटते.

याउलट कचेरीतल्या फलकावरचे वाक्य आठवा. नमुन्यादाखल मीच एक बनवतो : ‘उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये प्राप्त निर्देशांच्या अनुषंगाने विहित मुदतीत प्रस्ताव सादर न केलेल्या लाभार्थ्यांच्या प्रकरणी कार्यवाही प्रस्तावित करण्यात येत आहे.’ कोण करणार? काय करणार? माझे अनुदान गेले की राहिले? वाक्यात माणूसच नाही! वाचणारा शेतकरी दोनदा वाचतो, मग स्वतःलाच अडाणी समजतो आणि कुणाला तरी विचारायला जातो. त्या वाक्याने त्याच्या मनात समज उत्पन्न केलीच नाही. उत्पन्न केली ती भीती.

नेमकी हीच गोष्ट इराणमध्ये शंभर वर्षांपूर्वी एका लेखकाने कथेत मांडली. मोहम्मद अली जमालजादे हे त्यांचे नाव. त्यांचा कथासंग्रह १९२१ साली बर्लिनहून प्रसिद्ध झाला. नाव ‘एकी बूद एकी नबूद’, म्हणजे ‘एक होता, एक नव्हता’. आपल्याकडे आजी ‘आटपाट नगर होतं’ म्हणून कहाणीला आरंभ करते ना, तसा तिकडचा हा आरंभ. त्यातल्या पहिल्या कथेचे नाव ‘फारसी म्हणजे साखर’. अंझली बंदरावर काही माणसांना एका कोठडीत डांबले आहे. रमजान नावाचा एक साधा गडी त्यांत आहे. आपल्याला का धरले हे त्याला उमगत नाही. तो एका शेखजींना विचारतो. ते अरबीने ठासून भरलेले असे काही बोलतात की रमजान आणखी घाबरतो. मग तो युरोपातून शिकून आलेल्या तरुणाकडे वळतो; त्याच्या बोलण्यात फ्रेंचच फ्रेंच. रमजानला वाटते, आपण वेड्यांच्या संगतीत सापडलो. शेवटी कथा सांगणारा त्याच्याशी साध्या घरगुती फारसीत बोलतो, आणि रमजानच्या जिवात जीव येतो. कोठडी तीच, पहारा तोच. बदलली ती फक्त वाक्ये. इराणमधल्या नव्या कथेची वाट या संग्रहापासून सुरू झाली असे मानतात. जमालजादे यांनी प्रस्तावनेतच आग्रह धरला होता की, गद्याने लोकांच्या तोंडची भाषा आपलीशी केली पाहिजे.

त्यांच्या मागून आलेले सादिक हिदायत यांचा संबंध तर आपल्या मुंबईशी आहे. १९३६ साली ते मुंबईस आले, इथल्या पारशी पंडितांपाशी जुनी पहलवी भाषा शिकले, आणि ‘बूफ-ए-कूर’, म्हणजे ‘आंधळे घुबड’, ही आपली कादंबरी त्यांनी इथेच हाताने लिहून, चक्रमुद्रित करून काढली. प्रती जेमतेम पन्नास. त्यांवर ‘इराणात विक्रीस नाही’ अशी सूचना. आधुनिक फारसी गद्यातले सर्वांत नावाजलेले पुस्तक प्रथम बाहेर पडले ते असे, आपल्या मुंबईत! त्याची तऱ्हा जमालजादे यांच्या अगदी उलट. शब्द कठीण नाहीत. पण तीच चित्रे, तेच वाकलेले म्हातारे, तेच सरूचे झाड, तेच हसणे, पुन्हा पुन्हा येत राहते. वाचणारा चपापतो : हे मघाशी येऊन गेले की मलाच तसे वाटते? कादंबरीतल्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडालेला आहे. पुनरुक्तीच्या जोरावर लेखक वाचकाचाही विश्वास डळमळीत करतो. भ्रमिष्टपणाचे वर्णन करणे वेगळे, आणि वाचकाला घटकाभर त्या भ्रमात नेऊन सोडणे वेगळे.

इराणपर्यंत गेलो ते परत घरी येण्यासाठीच. कारण आपल्या सांगली जिल्ह्याच्या मातीत जन्मलेल्या तीन लेखकांची पुस्तके शेजारी शेजारी ठेवली, तर शैली मनावर काय करते याचा याहून चांगला पाठ कुठे मिळेल असे मला वाटत नाही. वि. स. खांडेकर सांगली शहरात १८९८ साली जन्मले. अण्णा भाऊ साठे १९२० साली वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी. व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली माणदेशात माडगुळ्याला. ते गाव तेव्हा औंध संस्थानात होते. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. खांडेकरांची ‘ययाति’ आणि अण्णा भाऊंची ‘फकिरा’ या दोन्ही एकाच वर्षी, १९५९ साली. त्या वेळी या भागाला दक्षिण सातारा जिल्हा म्हणत. १९६० साली त्याचे नाव सांगली झाले.

खांडेकरांचे वाक्य वाचकाला थांबवते. उपमा येते, तिच्यातून एखादा विचार निघतो, आणि तो सुभाषितासारखा गोळीबंद होऊन समोर येतो. हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. एका सबंध पिढीने त्यांची वाक्ये वह्यांत उतरवून घेतली. १९२० ते १९३८ ते शिरोड्याला शाळेत शिक्षक होते, आणि त्यांच्या गद्यातही एक कळकळीचा शिक्षक सदैव हजर असतो : घटना घडली की तिचा अर्थ तो आपल्याला समजावून सांगतो. वाचकाच्या मनाला याने आधार मिळतो, हे नाकारून चालणार नाही. दुःखात असलेल्या माणसाला कधी कधी अर्थ हातात दिलेलाच हवा असतो. त्यांची पुस्तके तमिळ आणि गुजराती वाचकांनीही आपली म्हणून वाचली. सुभाषित भाषांतरात फारसे सांडत नाही, हेही त्याचे एक कारण असावे. पण याची दुसरी बाजू अशी की, अर्थ तयार मिळाल्यामुळे मनाचे एक काम कमी होते. ‘ययाति’त राजा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तीन माणसे आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने मांडतात. योजना मोठी सुंदर. पण तिघांच्याही वाक्यांची ठेवण इतकी सारखी आहे की, कोण बोलतो आहे हे वाक्यावरून नव्हे, प्रकरणाच्या मथळ्यावरून कळते. एकाच न्यायाधीशाने तीन साक्षी वाचून दाखवाव्यात तसे काहीसे होते.

माडगूळकरांची गोष्ट निराळी. ‘बनगरवाडी’ सांगतो तो राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा मास्तर. धनगरांच्या वाडीवर त्याची नेमणूक होते. जाऊन पाहतो तो शाळेला पोरेच नाहीत, कारण पोरे मेंढरांमागे. मास्तर जे पाहतो, ऐकतो, तेवढेच सांगतो. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आवही तो आणत नाही. अंजीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात मास्तराविषयी किंतु येतो तो प्रसंग घ्या. म्हातारा बोलेनासा होतो, वागणे बदलते. आपण मास्तराच्याच जागी उभे राहून कोड्यात पडतो. काय बिनसले? मन मागे जाते, सगळे पुन्हा चाळते, धागे जुळवते. हे जुळवण्याचे काम वाचकाने स्वतः केलेले असल्यामुळे कारभारी त्याच्या ओळखीचा होतो. उसने सांगून झालेली ओळख आणि आपण होऊन पटलेली ओळख यांत फरक असतोच.

दुष्काळ येतो तेव्हाही हा लेखक विशेषणांची रास ओतत नाही. गावकऱ्यांनी राबून तालीम उभी केली, औंधचे राजेसाहेब तिच्या सोहळ्याला वाडीवर येऊन गेले, सगळीकडे उत्साह. आणि मग पाऊस नाही, मेंढरे जातात, माणसे बोचकी बांधून निघतात. वाक्ये लहान, सरळ, आवाज न चढवता आलेली. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते ते म्हणूनच. लेखक रडत असला की आपण त्याची समजूत घालायला लागतो. तो गप्प असला की रडण्याचे काम आपल्यावर येऊन पडते.

आणखी एक. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत, अशी या पुस्तकाची घडण आहे. पुण्यामुंबईचा वाचक संवादाशी आला की त्याची गती मंदावते, तो कान टवकारतो. माणमधल्या किंवा जतमधल्या पोराचे उलट होते : निवेदन तो जपून वाचतो आणि संवाद आला की धावत सुटतो. एकच पान, पण दोन वाचकांची दमणूक वेगवेगळ्या ठिकाणी. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका प्रयोगाची हकीकत आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुताखेताची कथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने आठवून सांगायला लावली. वाचकांनी काय केले? जे अनोळखी होते ते गाळले, नाही तर ओळखीचे करून टाकले. सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, तिथल्या डोंग्याची साधी नाव झाली. मन असे सारवासारव करते. शहरातले मूल ‘मेंढका’ आणि ‘घोंगडे’ यांचे असेच काही तरी करत असणार. आपल्याकडच्या पोराला मात्र ती सारवासारव करावी लागत नाही. पुस्तकातले जग त्याच्या परड्यापर्यंत येऊन भिडलेले असते. हे त्याचे भांडवल आहे, आणि शाळेत ते पुष्कळदा अशुद्ध म्हणून खोडले जाते. माडगूळकरांनी पुढे बरीच वर्षे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहिले. बोलीला कानाने जोखण्याची त्यांची सवय तिथे कामी आली असणार.

अण्णा भाऊंची वाक्ये तर धावतातच. शाळेचे तोंड त्यांनी दीडच दिवस पाहिले, असे सांगतात. मुंबईत मजुरी केली, पोवाडे आणि लोकनाट्ये रचली, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर कलापथक काढून हजारोंच्या जमावापुढे उभे राहिले. समोरचा माणूस उठून जाऊ नये, ही शाहिराची पहिली चिंता. तीच त्यांच्या गद्यात उतरली. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा पाहा. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, खाणीवर कामाला लागतो. खाण बंद पडते. तेव्हा तो रात्री स्मशानात जाऊन प्रेते उकरतो, मेलेल्यांच्या अंगावरचे, तोंडातले सोने काढतो. नुसते असे सांगितले तर ऐकणारा ‘शिव शिव’ म्हणून कानावर हात ठेवील. पण कथेत तसे होत नाही. वाक्यामागून वाक्य क्रियापदांनी भरलेले : गेला, उकरले, भिडला, ओढले. करणारा भीमा, म्हणून आपली नजर त्याच्या हातांबरोबर चालते. कोल्ह्यांशी त्याची झुंज लागते तेव्हा आपण त्याच्याच बाजूला असतो. प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात तेव्हा ती सुटावीत म्हणून आपणच घायकुतीला येतो. न्यायनिवाडा करायला लेखकाने उसंतच दिलेली नसते. आणि भीमाची बोटे गेल्यावर कळते की खाण पुन्हा सुरू झाली! तिथे वाक्य थांबते, आणि इतका वेळ तुंबलेला विचार एकदम अंगावर येतो : चोर कोण?

कथा-कादंबऱ्या वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती वाढते का, याचा शोध आता प्रयोगशाळांतही चालतो. २०१३ साली अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी असा निष्कर्ष काढला होता की, कसदार कथेचा थोडासा उतारा वाचला तरी ही शक्ती तेवढ्यापुरती वाढलेली दिसते. फार गाजावाजा झाला. पण २०१६ साली इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तसा परिणाम त्यांना आढळला नाही. मला याचे नवल वाटले नाही. चार पाने वाचून मन घडत असते तर परीक्षेच्या आदल्या रात्री सगळा वर्ग घडला असता. वर्षानुवर्षे ज्या चालीची वाक्ये वाचावीत, त्या चालीने विचार करण्याची सवय लागते, एवढे मात्र वर्गात रोज दिसते.

म्हणून शिक्षकमित्रांना एक विनंती. धडा संपला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातून काय बोध मिळतो? खांडेकरांच्या उताऱ्याला तो चालतो, कारण उत्तर उताऱ्यातच बहुधा तयार असते. तोच प्रश्न ‘बनगरवाडी’च्या उताऱ्याला विचारला तर मूल गोंधळते, आणि मग मार्गदर्शकातले वाक्य पाठ करते : ‘एकजुटीने राहावे.’ लेखकाने जे काम मुलाच्या मनावर सोपवले होते, ते आपण काढून घेऊन छापखान्याला दिले! त्यापेक्षा उतारा मोठ्याने वाचावा. संवाद वर्गातल्या धनगराच्या किंवा रामोश्याच्या पोराला वाचायला द्यावेत, त्याच्या जिभेवर ते बरोबर बसतील. मग विचारावे : कारभारी मास्तरावर रुसला हे तुला कोणत्या वाक्यापाशी कळले? त्या वाक्यात ‘रुसला’ हा शब्द आहे का? नाही तर मग कळले कसे? भीमाच्या कथेत विचारावे : तू कुठपर्यंत त्याच्या बाजूने होतास? मूल गप्प बसेल; बसू द्यावे. त्या वेळी ते मागची पाने मनात उलटत असते. मग जे उत्तर येईल ते प्रमाणभाषेत आहे की बोलीत, हे पाहून मात्र गुण कापू नयेत. त्या परीक्षेत कारभारीसुद्धा नापास झाला असता.